इंदिराराजे गायकवाड : एका नकाराची किंमत

पहिले महायुद्ध १९१८ मध्ये संपले आणि दुसरे १९३९ मध्ये सुरू झाले. मधल्या एकवीस वर्षांत लंडनच्या उमराव घराण्यांतील काही स्त्रिया वर्तमानपत्रांत सतत झळकत होत्या. त्यांच्या मेजवान्या, त्यांचे पोशाख, त्यांची लग्ने आणि मोडलेली लग्ने हा त्या काळी बातमीचा विषय होता. जहाज कंपनीच्या वारशावर वाढलेली आणि पुढे कृष्णवर्णीयांच्या बाजूने उभी राहिलेली नॅन्सी क्युनार्ड, लॉर्ड रेड्सडेल यांच्या मिटफर्ड आडनावाच्या सहा मुली, कोट्यधीश आजोबांची नात एडविना अ‍ॅशली (म्हणजे आपल्याला ठाऊक असलेल्या लेडी माउंटबॅटन) ही त्यांतली ठळक नावे. इंग्रजीत अशा स्त्रीला ‘सोशलाइट’ म्हणतात. मराठीत या शब्दाला नेमका प्रतिशब्द नाही, आणि त्याचे कारण उघड आहे. घरंदाज बाईचे नाव वर्तमानपत्रात छापून यावे हीच गोष्ट आपल्याकडे पुष्कळ काळ भूषणाची मानली जात नव्हती.

पण याच लंडनी वर्तुळात एक स्त्री होती, जिचे माहेर मराठी होते. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड आणि महाराणी चिमणाबाई यांची ही एकुलती एक मुलगी. लग्नानंतर ती कूचबिहारची महाराणी इंदिरादेवी झाली आणि जगाला ती त्याच नावाने ठाऊक आहे. मराठी वाचकाला ती ठाऊक असते ती बहुधा गायत्रीदेवींची आई म्हणून, नाहीतर हिऱ्यामोत्यांच्या बुटांच्या कथेमुळे. या लेखात मला तिच्याकडे वेगळ्या बाजूने पाहायचे आहे. तिने १९११ मध्ये एक नकार दिला. त्या नकाराने तिला काय मिळाले, त्याची किंमत कोणी मोजली, आणि ते स्वातंत्र्य तिच्यापुढे कोठवर गेले, हा या लेखाचा प्रश्न आहे.

हा प्रश्न डहाणूच्या किनाऱ्यावरून विचारण्यालाही एक अर्थ आहे. मुंबईहून बडोद्याला जाणारा ‘बीबीसीआय’चा, म्हणजे बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेचा लोहमार्ग धाकटी डहाणूच्या मच्छीमारवस्तीपासून थोड्याच अंतरावरून उत्तरेकडे जातो. बडोदे आणि मुंबई यांच्यामधला राजघराण्याचा रस्ता तोच. त्या रुळांच्या पूर्वेला, डहाणू-उंबरगावच्या जंगलपट्टीत, त्याच वर्षांत लग्नाची आणखी एक किंमत मोजली जात होती. तिच्याकडे पुढे येऊ.

सुधारकाचे घर

इंदिराराजे यांचा जन्म १९ फेब्रुवारी १८९२ चा. वडील सयाजीराव हे जन्माने नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावच्या शेतकरी गायकवाडांचे गोपाळराव. १८७५ मध्ये दत्तक जाऊन ते बडोद्याच्या गादीवर बसले. हिंदुस्थानातील सर्वांत पुरोगामी संस्थानिक अशी त्यांची पुढे ख्याती झाली, आणि ती पोकळ नव्हती. सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण त्यांनी १८९३ मध्ये अमरेली भागात प्रयोग म्हणून सुरू केले आणि १९०६ मध्ये ते साऱ्या संस्थानात नेले. बालविवाह रोखणारा कायदा बडोद्यात १९०४ मध्ये आला. ब्रिटिश हिंदुस्थानात शारदा कायदा व्हायला त्यानंतर पंचवीस वर्षे लागली. हिंदू स्त्रीला घटस्फोटाचा हक्क देणारा कायदा बडोद्याने १९३१ मध्ये केला.

आई चिमणाबाई मूळच्या देवासच्या घाटगे घराण्यातल्या. लग्न होऊन आल्या तेव्हा त्या पडद्यात होत्या. पुढे त्या शिकल्या, युरोप-अमेरिका हिंडल्या आणि १९११ मध्ये हिंदी स्त्रियांच्या स्थितीवर त्यांचे इंग्रजी पुस्तक एस. एम. मित्रा यांच्या सहलेखनाने प्रसिद्ध झाले. जगातील स्त्रियांना कोणकोणते उद्योग-व्यवसाय खुले आहेत, त्यांतले आपल्या स्त्रियांना काय घेता येईल, याचा विचार त्या पुस्तकात आहे. १९२७ मध्ये पुण्यात अखिल भारतीय महिला परिषदेचे पहिले अधिवेशन भरले, तेव्हा अध्यक्षपदाचा मान चिमणाबाईंनाच मिळाला.

अशा घरात मुलगी मुलग्यांच्या बरोबरीने वाढली. ती घोड्यावर बसली, शिकारीला गेली, आणि राजकन्येला दुर्मीळ असे कॉलेजचे शिक्षणही तिला मिळाले. आईवडिलांबरोबर तिने युरोप पाहिला. घरात मराठी, संस्थानात गुजराती, शिक्षणात इंग्रजी अशा तीन भाषांत ती वाढली. आपली मुलगी स्वतंत्र बुद्धीची व्हावी असेच सयाजीरावांना वाटत होते. तिने ती बुद्धी कोठे वापरावी, याबद्दल मात्र घराचे वेगळे मत होते.

दिल्ली, डिसेंबर १९११

इंदिराराजे अठरा-एकोणीस वर्षांच्या असताना त्यांचे लग्न ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांच्याशी ठरले. मराठ्यांच्या इतिहासाच्या दृष्टीने यापेक्षा मोठा संबंध नव्हता. पेशवाईतले दोन सरदार, गायकवाड आणि शिंदे. दोघांनाही एकवीस तोफांची सलामी. माधवराव कर्तबगार होते, हौशी होते, यंत्रांची त्यांना आवड होती. पण ते इंदिराराजेंपेक्षा पंधरा वर्षांनी मोठे होते आणि त्यांचे एक लग्न झालेले होते. पहिल्या राणीला मूल नव्हते म्हणून दुसरी हवी होती. शिवाय ग्वाल्हेरच्या राणीवशात पडदा होता. युरोप पाहून आलेल्या मुलीला सवतीच्या घरी पडद्यात जायचे होते.

डिसेंबर १९११ मध्ये पाचव्या जॉर्जच्या राज्यारोहणानिमित्त दिल्ली दरबार भरला. त्या दरबारातली बडोद्याची एक गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. सयाजीरावांनी बादशहासमोर एकदाच ओझरती मान लववली आणि रीतीप्रमाणे मागे मागे पावले न टाकता पाठ फिरवून ते परतले. दरबाराचा चलत्‌पट लंडनच्या थिएटरांत दाखवला गेला आणि हा अपमान मुद्दाम केला की अनवधानाने झाला यावर इंग्रजी पत्रांनी रान उठवले. शेवटी महाराजांना व्हाइसरॉयकडे दिलगिरीचे पत्र धाडावे लागले.

त्याच तळावर त्याच दिवसांत बडोद्याच्या घरात दुसरे बंड आकार घेत होते, आणि त्याचा पत्ता महाराजांनाही नव्हता. दरबाराच्या निमित्ताने सगळी संस्थाने शेजारी शेजारी तंबू ठोकून उतरली होती. तेथे इंदिराराजेंची कूचबिहारच्या राजघराण्यातील जितेंद्रनारायण यांच्याशी ओळख वाढली. जितेंद्रनारायण हे गादीवरच्या राजाचे धाकटे भाऊ. त्यांच्या आई सुनीतिदेवी या ब्राह्मो समाजाचे पुढारी केशवचंद्र सेन यांच्या कन्या. दरबार आटोपल्यावर इंदिराराजेंनी आईवडिलांना न विचारता ग्वाल्हेरला पत्र लिहिले आणि आपण हे लग्न करू इच्छित नाही असे कळवले. ग्वाल्हेरहून बडोद्याला तार आली : राजकन्येच्या पत्राचा अर्थ काय? तार हातात पडेपर्यंत घरात कोणालाच काही ठाऊक नव्हते.

त्या काळी मुलींची लग्ने मोडत, पण ती मोडत वडीलधारी माणसे. ठरलेल्या वरालाच वधूने स्वतःच्या सहीने नकार कळवावा, आणि तोही शिंद्यांना, ही गोष्ट मराठा घराण्यांत ऐकिवात नव्हती. दिल्लीतील सयाजीरावांच्या पाठ फिरवण्यावर ढीगभर लिहिले गेले. लेकीचे पत्र मात्र बराच काळ घरगुती भानगड म्हणूनच गणले गेले. दोन्ही कृत्ये एकाच महिन्याच्या आसपासची आहेत. एकाबद्दल बापाला माफी मागावी लागली. दुसऱ्याबद्दल लेकीने माघार घेतली नाही.

१९१३ चा उन्हाळा

पुढची दीड वर्षे चिमणाबाई आणि इंदिराराजे यांच्यातला सामना चालला. मुलीला युरोपात हिंडवून विसर पाडण्याचा प्रयत्न झाला. जितेंद्रनारायणांना बोलावून हा नाद सोडण्याचे स्पष्ट सांगण्यात आले. दोघे टोपणनावांनी एकमेकांना पत्रे धाडत राहिले. आईवडिलांच्या हरकती अनेक होत्या. कूचबिहारला तेराच तोफा. घराणे मराठा नव्हे. धर्म ब्राह्मो. मुलगा धाकटा, म्हणजे गादीही नाही. शिवाय त्या भावंडांच्या मद्यपानाच्या आणि ऐषारामाच्या कथा सर्वत्र होत्या. या शेवटच्या हरकतीत आईच्या मनातली भीती खरी होती. सयाजीरावांचा थोरला मुलगा फत्तेसिंहराव १९०८ मध्येच वारला होता, आणि दारू राजपुत्रांचे काय करते हे या घराला बाहेरून शिकण्याची गरज नव्हती.

अखेर १९१३ च्या उन्हाळ्यात लंडनमध्ये लग्न लागले. ब्राह्मो पद्धतीचा विधी एका हॉटेलात झाला. वधूच्या बाजूने आई, वडील, भाऊ यांपैकी कोणी हजर नव्हते.

त्याच उन्हाळ्यातली दुसरी एक घटना या घटनेशेजारी ठेवून पाहावी. जुलै १९१३ मध्ये बडोदे संस्थानची दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती घेऊन भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. अस्पृश्य मानलेल्या घरातील तरुणाला अमेरिकेत पाठवण्याइतके सयाजीरावांचे मन मोठे होते. त्याच वर्षी पोटच्या मुलीच्या लग्नाला त्यांनी पाठ फिरवली, कारण ते जातीबाहेरचे आणि आपल्या इच्छेविरुद्धचे होते. याला ढोंग म्हणणे सोपे आहे, पण ते खरे होणार नाही. सुधारणा राज्यकर्त्याच्या हातून खाली दिली जाते तेव्हा देणाऱ्याची जागा बदलत नाही. घरात मुलीने स्वतः हक्क घेतला तर ती जागाच हलते. आंबेडकर शिकून १९१७ मध्ये बडोद्याला नोकरीवर रुजू झाले, तेव्हा महाराजांच्या राजधानीत त्यांना राहायला खोली मिळाली नाही, हेही याच मर्यादेचे दुसरे रूप आहे. राजाचा हुकूम जेथवर पोचे, तेथवर सुधारणा पोचे. उंबरठ्याच्या आत, मग तो महालाचा असो की शेजाऱ्याचा, वेगळा कायदा चाले.

लग्नाला थोडे आठवडे झाले नाहीत तोच जितेंद्रनारायणांचे थोरले भाऊ राजेंद्रनारायण वारले आणि ‘गादी नसलेला धाकटा’ कूचबिहारचा महाराजा झाला. इंदिराराजे एकविसाव्या वर्षी महाराणी झाल्या. ग्वाल्हेरच्या माधवरावांनी पुढे गोव्याच्या राणे घराण्यातील गजराराजे यांच्याशी लग्न केले. त्यांच्या मुलाचे नाव जॉर्ज जिवाजीराव आणि मुलीचे मेरी कमलाराजे. इंग्लंडच्या राजाराणीवरून ठेवलेली ही नावे. इंदिराराजे ज्या घरी गेल्या नाहीत ते घर कोणत्या दिशेने चालले होते, हे त्या नावांतून कळते.

पांढरे शिफॉन

नऊ वर्षांत पाच मुले झाली : इला, जगद्दीपेंद्र, इंद्रजितेंद्र, गायत्री आणि मेनका. गायत्रीदेवींचा जन्म मे १९१९ मध्ये लंडनमध्येच झाला. पण आईवडिलांची भीती खरी ठरली. जितेंद्रनारायण २० डिसेंबर १९२२ रोजी, आपल्या छत्तिसाव्या वाढदिवशी, लंडनमध्ये वारले. त्यांच्या आयुष्यावर दारूची सावली होती. तिकडे बडोद्यातही शिवाजीराव १९१९ मध्ये आणि जयसिंहराव १९२३ मध्ये गेले. सयाजीरावांनी स्वतःच्या हयातीत तीन तरुण मुलगे गमावले. राजपुत्रांना युरोपच्या संगतीने बिघडवले असे त्या काळी सर्रास म्हटले जाई. पण कोणतेही खरे काम हाती नसलेल्या, सलामीच्या तोफा मोजत बसलेल्या पिढीला साम्राज्याने ठेवलेले तरी काय होते, हेही विचारायला हवे.

तिसाव्या वर्षी इंदिराराजे विधवा झाल्या. पदरी पाच मुले, थोरला मुलगा सात वर्षांचा. महाराष्ट्रात तेव्हा विधवेचे केशवपन इतिहासजमा झालेले नव्हते. लाल किंवा पांढऱ्या आलवणातली, कोपऱ्यात बसलेली बाई हे घरोघरचे चित्र होते. इंदिराराजेंनी वैधव्याचा पांढरा रंग सोडला नाही, कापड बदलले. फ्रेंच शिफॉन साडीच्या पन्ह्याचे विणवून घेऊन त्याची साडी नेसण्याची चाल त्यांनी पाडली असे सांगितले जाते. त्यांच्या आई नऊवारी नेसत. लेकीची ही तलम साडी मुंबई-कलकत्त्याच्या बायकांनी उचलली आणि तेथून ती हिंदी सिनेमात गेली. आज शिफॉनची साडी नेसणाऱ्या कोणालाही ती एका मराठी विधवेची आठवण म्हणून जाणवत नाही. पण फॅशनच्या इतिहासात क्वचितच एखाद्या विधवेने आपल्यावर लादलेल्या रंगाचे असे रूपांतर केले असेल.

याच दशकात त्या युरोपच्या ‘सोसायटी’त पूर्णपणे मिसळल्या. हिवाळ्यात लेस्टरशायरमधील मेल्टन मोब्रे हे कोल्ह्यांच्या शिकारीचे ठिकाण. युवराज एडवर्डही तेथे शिकारीला येत. उन्हाळ्यात फ्रान्सच्या किनाऱ्यावरील ल तुके येथील जुगारघर. इटलीत साल्वातोरे फेरागामो या प्रसिद्ध बूटकाराकडे त्यांनी जोड करायला दिले आणि एका जोडावर स्वतःकडचे हिरे व मोती बसवून घेतले. त्या कारागिराने आपल्या आत्मचरित्रात याची आठवण लिहिली आहे. जुगाराच्या टेबलावर त्यांच्यापुढे पाठीवर रत्ने जडवलेले जिवंत कासव फिरत असल्याची कथा गायत्रीदेवींच्या आठवणींत येते. नोएल कॉवर्डसारखे नाटककार, डग्लस फेअरबँक्ससारखे नट त्यांच्या परिचयाचे होते.

इंग्रज उमराव स्त्रियांपेक्षा त्यांची स्थिती एका बाबतीत वेगळी होती. मिटफर्ड भगिनींतील एक हिटलरच्या परिवारात गेली, दुसरीने फॅसिस्ट पुढारी मोझलीशी लग्न केले, तिसरी कम्युनिस्ट होऊन स्पेनकडे पळाली. घरच्यांना मनस्ताप झाला, पण या सर्वजणी इंग्लंडच्या नागरिक होत्या. १९२८ पासून एकवीस वर्षांवरील प्रत्येक इंग्रज स्त्रीला मत होते. इंदिराराजेंना मत नव्हते, नागरिकत्वही नव्हते. लंडनच्या दिवाणखान्यात त्यांना हौसेने बोलावले जाई, कारण त्या सुंदर होत्या, विनोदी होत्या, उत्तम इंग्रजी बोलत आणि ‘पूर्वेकडच्या’ होत्या. पण हिंदुस्थान सरकारच्या राजकीय खात्याच्या दृष्टीने त्या एका छोट्या संस्थानाच्या अज्ञान वारसाची आई होत्या. त्या कोठे राहतात, किती दिवस राहतात, किती खर्च करतात, कोणाबरोबर दिसतात, यावर त्या खात्याचे लक्ष असे. एडविना माउंटबॅटनच्या मैत्रीवर कुजबूज होत असे. इंदिराराजेंच्या मैत्रीची चर्चा सरकारी टिपणांपर्यंत जात असे.

खजिना आणि रयत

१९२२ पासून १९३६ पर्यंत, मुलगा जगद्दीपेंद्र सज्ञान होईपर्यंत, कूचबिहारचा कारभार राजप्रतिनिधी म्हणून इंदिराराजेंकडे होता. हा भाग त्यांच्या कहाणीत झाकला जातो, कारण तो रंगतदार नाही. पण चौदा वर्षे एका स्त्रीने संस्थानच्या प्रमुखपदी असणे ही लहान गोष्ट नव्हती. मुलांना त्यांनी आयांच्या हाती सोडले नाही. गायत्रीदेवींना शांतिनिकेतनात धाडले, स्वित्झर्लंडलाही धाडले. घर कसे चालवावे, पाहुण्याला काय वाढावे, नोकराशी कसे बोलावे याबाबत त्यांचा कटाक्ष विलक्षण होता असे मुलीने लिहिले आहे.

तरीही हिशेब मांडलाच पाहिजे. कूचबिहार हे हिमालयाच्या पायथ्याशी असलेले जेमतेम तेराशे चौरस मैलांचे संस्थान. धान, ताग आणि तंबाखू ही पिके. प्रजा मुख्यतः राजबंशी आणि मुसलमान शेतकरी. उत्तर बंगालच्या त्या पट्ट्यात जोतदाराची जमीन कसणारा अधियार पीक निघाल्यावर अर्धा वाटा देऊन टाकी. बी-बियाणे, खावटी यांची वजावट निराळीच. संस्थानचा महसूल या शेतीवर उभा होता, आणि मेल्टन मोब्रेचे घोडे, ल तुकेची टेबले त्या महसुलातून चालत. इंग्रज सरदारालाही जमिनीचेच उत्पन्न असे, पण युद्धानंतर वारसाकराने त्यांच्या इस्टेटी फुटू लागल्या होत्या. आपल्या संस्थानिकांवर असा कर लावणारी लोकसभा नव्हती. १९४६ च्या अखेरीस दिनाजपूर, जलपायगुडी, रंगपूर या कूचबिहारच्या आसपासच्या जिल्ह्यांत अधियारांनी ‘तेभागा’ची, म्हणजे पिकाचे तीन भाग करून दोन कसणाऱ्याला मिळावेत अशी मागणी करून रान पेटवले, ते याच व्यवस्थेविरुद्ध.

लग्नाची दुसरी किंमत

आता पुन्हा बीबीसीआयच्या रुळांकडे येऊ. तेभागाच्या एक वर्ष आधी, २३ मे १९४५ रोजी, तेव्हाच्या उंबरगाव तालुक्यातील आणि आजच्या तलासरीतील झरी गावात वारली आदिवासींची परिषद भरली. या भागात ‘लग्नगडी’ नावाची रीत होती. वारली तरुणाने लग्नासाठी सावकाराकडून किंवा जमीनदाराकडून थोडे कर्ज काढले की त्या बदल्यात तो गडी म्हणून राबू लागे. कर्ज फिटत नसे, कारण हिशेब सावकाराच्या वहीत. त्याच्याबरोबर त्याची बायकोही राबे. मुंबई सरकारच्या वतीने डी. सिमिंग्टन या अधिकाऱ्याने १९३० च्या दशकाच्या अखेरीस आदिवासींच्या स्थितीचा अहवाल लिहिला, त्यात या वेठीचे आणि तिच्यातील बायकांवरच्या अत्याचारांचे वर्णन आहे. येथे मनासारखे लग्न करण्याला बंदी नव्हती. वारली समाजात मुलीच्या पसंतीला मान होता. पण लग्न करणे म्हणजेच स्वातंत्र्य गहाण टाकणे होते.

लग्नगड्यांना सोडवण्याच्या लढ्यात पुढे होत्या गोदावरी परुळेकर. त्यांचा जन्म १९०७ चा, पुण्याच्या सुखवस्तू गोखले घराण्यातला. कायद्याची पदवी घेतलेल्या, भारत सेवक समाजाच्या पहिल्या स्त्री आजीव सदस्य. त्यांनी आणि शामराव परुळेकरांनी १९३९ मध्ये लग्न केले, आणि पुढे डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर मुक्काम केला. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे पोलिसांच्या गोळीबारात जेठ्या गांगड आणि आणखी चौघे मारले गेले. चळवळ थांबली नाही. वेठ आणि लग्नगडी मोडले.

इंदिराराजे आणि गोदावरीबाई यांची तुलना करून एकीला मोठे नि दुसरीला छोटे ठरवण्यात अर्थ नाही. वय, घर, काळ सगळे निराळे. पण दोघी एकाच मराठी सुधारणेच्या लेकी होत्या. मुलीला शिकवा, तिला जग दाखवा, असे म्हणणाऱ्या घरांनी त्यांना घडवले. एकीने त्या शिक्षणातून स्वतःसाठी नकार देण्याचे बळ घेतले. दुसरीने ज्यांना नकार देताच येत नाही त्यांच्यात जाऊन तो शब्द त्यांच्या तोंडी येईपर्यंत काम केले. बडोद्याच्या दिवाणखान्यातून निघालेला रस्ता लंडनला पोचला. पुण्याच्या दिवाणखान्यातून निघालेला तलासरीला. दोन्ही रस्ते त्या काळी उघडे होते, एवढे नोंदवले तरी पुरे.

तिसरी पिढी

इंदिराराजेंच्या नकाराचे पुढे काय झाले याचे उत्तर त्यांच्याच घरात मिळते. ज्या मुलीने सवतीवर जाण्यास नकार दिला होता, तिची मुलगी गायत्री जयपूरचे महाराज सवाई मानसिंह यांच्या प्रेमात पडली. मानसिंहांच्या दोन राण्या होत्या. इंदिराराजेंनी मुलीला समजावले, थांबवले, वर्षे जाऊ दिली. जयपूरच्या राणीवशात तू आणखी एक भर होशील असे बजावले. अखेर मे १९४० मध्ये गायत्रीदेवी तिसरी राणी म्हणून जयपूरला गेल्या, तेथे पडदा अजून शिल्लक होता. येथे कोणी जबरदस्ती केलेली नव्हती. मुलीने आपल्या पसंतीने नेमके तेच निवडले, जे टाळण्यासाठी आईने आईवडिलांशी झगडा केला होता. निवडीचा हक्क आईने मिळवून दिला. निवड काय व्हावी हे ती ठरवू शकली नाही, जसे चिमणाबाईंनाही ठरवता आले नव्हते. मात्र आईच्या आणि लेकीच्या लग्नात एक फरक होता. इंदिराराजे आपल्या मुलीच्या लग्नात होत्या.

मेनकादेवींचे लग्न धाकट्या देवासच्या पवार घराण्यात झाले आणि एक धागा पुन्हा मराठा घराण्याशी जुळला. पुढची वर्षे दुःखाची गेली. थोरली इला १९४५ मध्ये आणि मुलगा इंद्रजितेंद्र १९५१ मध्ये वारला. सयाजीराव फेब्रुवारी १९३९ मध्येच मुंबईत गेले होते. १९४९ मध्ये बडोदे मुंबई प्रांतात विलीन झाले, आणि १ जानेवारी १९५० पासून कूचबिहार पश्चिम बंगालचा एक जिल्हा झाला. ६ सप्टेंबर १९६८ रोजी मुंबईत इंदिराराजेंचे निधन झाले.

या कुटुंबाच्या कागदांत एक रिकामी जागा आहे. इंदिराराजेंच्या आईने पुस्तक लिहिले. सासू सुनीतिदेवींचे आत्मचरित्र १९२१ मध्ये लंडनला छापले गेले. मुलगी गायत्रीदेवींच्या आठवणी १९७६ मध्ये आल्या. इंदिराराजेंनी स्वतःची कहाणी छापली नाही. रमाबाई रानडे, लक्ष्मीबाई टिळक यांच्यापासून गोदावरीबाईंच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’पर्यंत मराठी बाईने आपले जगणे आपल्या शब्दांत मांडण्याची जी परंपरा आहे, तिच्यात ही मराठी राजकन्या नाही. ती आपल्यापर्यंत येते ती बूटकाराच्या, पाहुण्यांच्या, सरकारी टिपणांच्या आणि लेकीच्या नजरेतून. म्हणून तिच्या साड्या आणि तिचे कासव आपल्याला ठाऊक असते, आणि डिसेंबर १९११ मधल्या त्या पत्रातले शब्द ठाऊक नसतात. तिच्या हातून लिहिले गेलेले सर्वांत परिणामकारक लेखन बहुधा तेच होते. वाचणारा एकच होता, आणि त्याला त्याचा अर्थ कळला नाही, म्हणून त्याने तिच्या बापाला तार केली.